गुळणी कुठपर्यंत पोहोचते

बाई, तुमचा प्रश्न आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही मुलुंडला एका शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवता. तीन आठवड्यांपासून घसा खवखवतो आहे, सकाळी उठल्यावर आवाज जड येतो, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते आणि दिवसभर खाकरावे लागते. सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे तुम्ही दिवसातून चार वेळा, सोसवेल तितक्या कढत पाण्यात दोन चमचे मीठ आणि अर्धा चमचा हळद घालून, वर तुरटीचा खडा फिरवून गुळण्या करता. मधल्या सुट्टीत औषधाच्या दुकानातून आणलेल्या तपकिरी औषधाचीही गुळणी करता, आणि तरीही उतार पडत नाही. आपली पद्धत कुठे चुकते आहे, चार वर्षांच्या मुलालाही ही सवय लावावी का, आणि दम्याचा पंप व रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या सासूबाईंना मिठाच्या गुळण्या चालतील का, असे तुम्ही विचारले आहे.

कान-नाक-घसा या विषयात मुंबईत तीस वर्षे काम करताना गुळण्या न करणारे पेशंट मला फारसे भेटलेले नाहीत. भेटतात ते फार कडक गुळण्या करणारे, आणि जिथे पाणी पोहोचतच नाही अशा जागेच्या दुखण्यासाठी त्या करत राहणारे. तुमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकदम घडत असाव्यात, असे वर्णनावरून वाटते.

गुळणीचे पाणी नेमके कुठपर्यंत जाते हे घरच्या घरी पाहता येते, आणि पुढचे वाचण्यापूर्वी शक्य झाल्यास ते एकदा पाहावे अशी माझी विनंती आहे. कोमट पाण्यात पाव चमचा हळद चांगली ढवळून नेहमीसारखी गुळणी करा, थुंका, आणि मग आरशासमोर उभे राहून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तोंडात पडेल असा धरून, जीभ सैल ठेवून ‘आऽऽ’ म्हणा. जिभेचा मागचा फुगीर भाग पिवळा दिसेल, टाळूचा मऊ भाग पिवळा दिसेल, पडजिभेच्या टोकाला एखादा पिवळा थेंब लोंबत असेल, आणि पडजिभेच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणाऱ्या ज्या कमानी आहेत त्यांच्या कडेला रंगाची रेघ दिसेल. या कमानींच्या मागे टॉन्सिल असतात. त्यांच्या पुढच्या फुगवट्यावर थोडा रंग लागलेला असतो, पण त्याच्याही मागे घशाची जी भिंत दिसते ती बहुतेकांची गुलाबीच राहिलेली असते, फार तर तिच्यावर एखादा पिवळा ओघळ आलेला असतो. ओपीडीत तपकिरी औषधाची गुळणी करून आलेल्या पेशंटच्या घशात मी बॅटरी धरतो तेव्हा हीच सीमा अधिक ठसठशीत दिसते: कमानींपर्यंत चहाच्या कपाला पडतो तसा डाग, आणि मागे कोरी भिंत.

याचे कारण गुळणीच्या क्रियेतच आहे. मान मागे टाकल्यावर जिभेचे मूळ आणि पडजीभ यांच्यामध्ये एक अरुंद फट उरते, आणि फुप्फुसातून वर येणारी हवा त्या फटीतून सतत निसटत राहते. त्या हवेच्या जोरावर पाणी वरच्या वर तोलले जाते आणि खळखळ आवाज तिथेच उमटतो. हवा संपली की पाणी खाली घसरू लागते, आणि त्याच क्षणी आपण एक तर ते गिळतो किंवा आपल्याला ठसका लागतो. स्वरतंतू याहून बरेच खाली, गळ्यावर हाताला लागणाऱ्या कंठमण्याच्या आत असतात. तिथे पाण्याचा थेंब जरी गेला तरी माणूस खोकून हैराण होतो. तेव्हा आवाज बसला म्हणून केलेली गुळणी आवाजाच्या जागेपर्यंत कधीच जात नाही. तीच गोष्ट नाकाच्या मागच्या पोकळीची. सर्दीचा चिकट स्राव तिथून घशात ओघळत असेल, तर गुळणीने ओघळलेला भाग धुऊन निघतो, मात्र वरून गळणे चालूच राहते.

जिथे पाणी पोहोचते तिथे मात्र गुळणी चांगले काम करते, आणि ते काम मुख्यतः धुण्याचे आहे. घशाच्या अस्तरावर चिकटलेला कफ, अन्नाचे बारीक कण, मृत पेशी, काही जंतू हे सारे पाण्याच्या हालचालीने सुटून बाहेर पडते. टॉन्सिलच्या खळग्यांत पांढरे, दुर्गंधी असणारे खडे साचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना याचा फायदा लगेच जाणवतो. कोमटपणामुळे दुखऱ्या जागेला शेक मिळतो, आणि मीठ योग्य प्रमाणात असेल तर सुजलेल्या अस्तरातले थोडे पाणी बाहेर ओढले जाऊन ताण कमी होतो. विषाणूच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे की तो पेशीच्या आत शिरून तिथे वाढतो, आणि पृष्ठभाग कितीही धुतला तरी पेशीच्या आतले धुतले जात नाही. कोरोनाच्या काळात मिठाच्या पाण्याने विषाणू घशातच मरतो असे संदेश प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरत होते. त्याच काळात आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गुळणीचा एक फार हुशारीचा उपयोग शोधला: नाकात काडी घालण्याऐवजी सलाइनने पंधरा सेकंद गुळणी करून ते पाणी नळीत थुंकायचे आणि त्याचीच आरटीपीसीआर तपासणी करायची. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने या पद्धतीला मान्यता दिली.  गुळणी विषाणू बाहेर आणते, एवढे या उदाहरणावरून नीट समजते.

तरीही नुसत्या धुण्याला कमी लेखू नये. जपानमध्ये बाहेरून घरी आल्यावर हात धुण्याबरोबर गुळणी करण्याची सवय मुलांना लहानपणापासून लावतात. तिथे १८ ते ६५ वर्षे वयाच्या ३८७ निरोगी स्वयंसेवकांवर एक अभ्यास झाला आणि २००५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाने साध्या पाण्याने, दुसऱ्याने पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने (तुमचे तपकिरी औषध बहुधा हेच) दिवसातून किमान तीन वेळा गुळण्या केल्या, तिसरा गट आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे वागला, आणि हे हिवाळ्यात साठ दिवस चालले. साध्या पाण्याच्या गटात सर्दी-पडशाचे प्रमाण तिसऱ्या गटाच्या तुलनेत ३६ टक्क्यांनी कमी आढळले. तपकिरी औषधाच्या गटात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एकाच अभ्यासावर इमला उभारू नये, हे खरे. पण नळाच्या पाण्याने महागड्या बाटलीला मागे टाकले, ही गोष्ट मी पेशंटना आवर्जून सांगतो.

आता मिठाच्या प्रमाणाकडे वळू, कारण तुमची सगळ्यात मोठी चूक तिथे आहे. आपल्या शरीरातल्या द्रवात मिठाचे प्रमाण साधारण ०.९ टक्के असते, म्हणजे एका लिटरमध्ये नऊ ग्रॅम. घरातला चहाचा एक सपाट चमचा मीठ सुमारे सहा ग्रॅम भरते. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात तुम्ही दोन चमचे घालता, म्हणजे ते पाणी जवळजवळ सहा टक्के खारट होते. समुद्राचे पाणी साधारण साडेतीन टक्के खारट असते. जुहूला लाटेचे पाणी चुकून तोंडात गेल्यावर जिभेचे आणि घशाचे जे होते ते आठवा, आणि तुम्ही त्याच्या पावणेदोन पट खारट पाणी दिवसातून चार वेळा घशात खेळवता आहात हे लक्षात घ्या. एवढ्या मिठाने अस्तरातले पाणी इतके ओढले जाते की ते कोरडे पडते आणि आग आग होऊ लागते. ती आग कमी व्हावी म्हणून माणूस पुन्हा गुळणी करतो, आणि हे चक्र सुरू राहते. पेलाभर पाण्याला पाव ते अर्धा सपाट चमचा मीठ पुरते. चवीला ते डाळीच्या पाण्याइतके खारट लागावे, त्याहून जास्त नको. सैंधव, काळे मीठ की साधे मीठ, याने गुळणीत फरक पडत नाही.

पाणी कढत असावे हाही असाच एक हट्ट. मनगटाच्या आतल्या बाजूला पाण्याचा थेंब टाकल्यावर तो सुखद वाटला पाहिजे, बाळाचे दूध जसे तपासतात तसे. तोंडाच्या अस्तराला हाताच्या कातडीसारखे जाड कवच नसते. टाळूवर पांढरा, दुखरा चट्टा पडला म्हणून कर्करोगाच्या भीतीने रडत आलेल्या एक आजी मला आठवतात. नीट विचारपूस केल्यावर कळले की चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यातले पाणी पेल्यात घेऊन त्या सरळ गुळणी करत होत्या. आठ दिवसांत चट्टा गेला. ६५ अंशांहून अधिक गरम पेये नेहमी पिण्याची सवय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले आहे. गुळणी आणि पिणे या वेगळ्या गोष्टी असल्या, तरी ‘जितके कढत तितके गुणकारी’ हा समज दोन्हीकडे सारखाच सोडून द्यावा.

हळदीबद्दल माझी तक्रार नाही, फक्त तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. हळदीतला कर्क्युमिन हा घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पेला थोडा वेळ ठेवला की तळाशी पिवळा गाळ बसतो तो म्हणूनच. तुरटीची गोष्ट वेगळी आहे. ती स्तंभक आहे, म्हणजे अस्तर आवळून धरते आणि कोरडे करते. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दोन दिवस तिचा उपयोग होईल, पण आधीच कोरड्या पडलेल्या शिक्षिकेच्या घशाला ती नकोच.

तपकिरी बाटली पोव्हिडोन आयोडीनची असावी. गुळणीसाठी मिळणारे द्रावण आपल्याकडे बहुधा दोन टक्क्यांचे असते आणि ते लेबलवर दिल्याप्रमाणे पाणी घालून वापरायचे असते. तुम्ही तसेच वापरत असाल तर थांबवा. जखमेवर लावायचे त्याच नावाचे द्रावण याहून बरेच तीव्र असते आणि ते तोंडात घ्यायचे नसते. घरात दोन्ही बाटल्या असतील तर वेगवेगळ्या कपाटांत ठेवा. आयोडीनचा काही अंश अस्तरातून रक्तात शोषला जातो, म्हणून थायरॉईडचा आजार असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, आणि इतरांनीही ते आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे ओढू नये. क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश हे मुख्यतः हिरड्यांचे औषध आहे. ते काही आठवडे वापरले की दातांवर तपकिरी डाग चढतात, चहा पिणाऱ्यांच्या दातांवर अधिकच, आणि जिभेची चव बिघडते. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा गुण कमी होतो, म्हणून दात घासणे आणि ते वापरणे यांत अर्धा तास जाऊ द्यावा लागतो. घसा इतका दुखतो की घास उतरत नाही, अशा वेळी बेंझिडामिनची गुळणी मी देतो. तिने जागा थोडी बधिर होते आणि जेवण जाते. बाकी रोजच्या घशासाठी मिठाचे पाणी पुरेसे आहे, असे माझे मत आहे.

पद्धतीबद्दल बोलायचे तर आपल्या भाषेतच ती सांगून ठेवलेली आहे. चूळ आणि गुळणी हे दोन शब्द आपण सरमिसळ वापरतो, पण आयुर्वेदाने असा भेद बारकाईने केला होता: तोंडात सहज फिरवता येईल एवढा द्रव घेणे म्हणजे कवल, आणि फिरवताच येणार नाही इतके तोंड भरून धरून ठेवणे म्हणजे गंडूष. मराठीतले ‘गुळणी धरणे’ हे दुसऱ्या प्रकाराच्या जवळचे आहे. आपल्याला घशासाठी जी गुळणी हवी ती मात्र थोड्या पाण्याची. तोंड भरून पाणी घेतले तर मान मागे टाकताच ते गिळले जाते किंवा ओठांतून सांडते. एक लहान घोट घ्या, साधारण तीन चहाचे चमचे. आधी तो गालांत आणि दातांतून खळखळवून थुंकून टाका, म्हणजे तोंडातले अन्नकण घशात ढकलले जाणार नाहीत. दुसरा घोट घेऊन नाकाने श्वास भरा, हनुवटी छताकडे करा, आणि हलक्या आवाजात, खालच्या पट्टीत ‘आऽऽ’ असा दीर्घ स्वर काढत हवा सोडा. दहा-पंधरा सेकंदांत श्वास संपेल. संपण्यापूर्वीच पुढे वाकून थुंका. असे चार-पाच घोट, दिवसातून तीन-चार वेळा, एवढे भरपूर झाले. शेजारच्या बिऱ्हाडाला जाग येईल अशा जोरात गुळण्या करणारे लोक चाळीत प्रत्येक मजल्यावर असतात, पण त्या गर्जनेने पाणी अधिक खोल जात नाही. फक्त स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. उलट, हळू आवाजातली गुळणी घशाचे ताणलेले स्नायू सैल करते, आणि म्हणूनच वाचा व आवाज यांवर उपचार करणारे तज्ज्ञ काही पेशंटना ती व्यायाम म्हणून शिकवतात. गुळणीनंतर अर्धा तास चहा-बिस्कीट टाळलेले बरे, कारण धुतलेली जागा लगेच पुन्हा चिकट करण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात टाकीचे पाणी गढूळ येत असेल तर गुळणीसाठीही उकळून कोमट केलेलेच पाणी घ्या. नाकातून पाणी घालून जलनेती करणाऱ्यांनी तर ही गोष्ट वर्षभर कसोशीने पाळावी. नाकावाटे मेंदूत शिरणारा अमीबा क्वचितच आढळतो, पण जीव घेतो. २०२४ मध्ये केरळमध्ये त्याने मृत्यू झालेले आहेत.

चार वर्षांच्या मुलाला गुळण्या करायला लावू नका. पाणी घशाशी धरून ठेवायचे, गिळायचे नाही आणि त्याच वेळी हवा सोडायची, हा तोल बहुतेक मुलांना पाच-सहा वर्षांनंतरच साधतो. गंमत अशी की वाग्भटांनी अष्टांगहृदयात कवलासाठी हीच मर्यादा घालून दिली आहे: पाच वर्षांखाली कवल देऊ नये. तोपर्यंत कोमट पाणी घोटघोट पाजणे आणि झोपताना चमचाभर मध चाटवणे हे त्याच्या घशाला पुरते. मध फक्त एक वर्षाखालील बाळाला कधीही द्यायचा नाही. मुलाला खोकला-सर्दी नसताना एकदम ताप आला, गिळताना रडू लागला, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले आणि मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी हाताला दुखऱ्या लागल्या, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. तो स्ट्रेप्टोकॉकस या जंतूचा संसर्ग असू शकतो, आणि तो अर्धवट राहिला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होण्याची शक्यता असते. अशा मुलाला प्रतिजैविक साधारणपणे दहा दिवस पूर्ण द्यावे लागते, आणि बरे वाटले म्हणून चौथ्या दिवशी बाटली फ्रिजमध्ये विसरायची नसते.

तुमच्या तिघांच्यात गुळणीची खरी गरज कोणाला असेल तर ती सासूबाईंना. दम्याच्या पंपात बहुधा स्टिरॉइड असते. ते फुप्फुसात जायला हवे, पण त्यातला बराच भाग जिभेवर आणि घशात चिकटून राहतो, आणि तिथे बुरशीचे पांढरे, दह्याच्या कवडीसारखे थर धरू लागतात. आवाजही घोगरा होतो. हे टाळण्यासाठी पंप घेतल्यावर प्रत्येक वेळी चूळ भरून, गुळणी करून ते पाणी थुंकून टाकायचे, आणि पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, लावायचा. यासाठी साधे पाणी चालते, मिठाची गरज नाही. सकाळचा पंप दात घासण्याच्या आधी घेण्याची सवय ठेवली की ही गोष्ट विसरली जात नाही. रक्तदाबाच्या काळजीचे म्हणाल तर थुंकून टाकलेल्या पाण्यातून पोटात जाणारे मीठ अगदी थोडे असते. लोणच्याची एक फोड त्याहून अधिक मीठ देते. फक्त त्यांना पाणी पिताना वरचेवर ठसका लागत असेल, किंवा पूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, तर मान मागे टाकून गुळणी नको. अशा वेळी पुढे वाकून नुसती चूळ भरावी. कवळी असेल तर ती आधी काढून ठेवावी, नाहीतर तिच्याखाली जे साचते ते तसेच राहते.

गुळणी मुळीच करू नये असेही काही प्रसंग आहेत. दात काढल्यावर पहिले चोवीस तास खळखळून चूळ भरायची नसते, कारण खळग्यात धरलेली रक्ताची गुठळी निघून गेली तर हाड उघडे पडते आणि तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतरही जोराच्या गुळण्या टाळाव्यात. तिथे जे पांढरे आवरण येते ते पू नसून भरत आलेल्या जखमेची खपली असते, ते धुऊन काढण्याचा प्रयत्न करू नये. आणि घसा एकाच बाजूने प्रचंड दुखतो आहे, तोंड उघडत नाही, लाळसुद्धा गिळवत नाही, आवाज तोंडात घास धरून बोलल्यासारखा येतो, अशी अवस्था असेल तर ती टॉन्सिलच्या मागे पू साचल्याची लक्षणे आहेत. एक कॉलेजचा मुलगा पाच दिवस आईच्या देखरेखीखाली नेमाने गुळण्या करून सहाव्या दिवशी रात्री लाळ गाळत आमच्याकडे आला होता. सुईने पू काढल्यावर दहा मिनिटांत तो आईशी बोलू लागला. त्याच्या गुळण्यांत काहीही चूक नव्हती, पण पू कमानीच्या मागे होता.

आता तुमच्या स्वतःच्या घशाकडे येतो. न तपासता निदान करता येत नाही, पण सकाळी जड आवाज, सतत खाकरणे, काहीतरी अडकल्याची भावना आणि ताप नाही, असे वर्णन मी आठवड्यातून कितीतरी वेळा ऐकतो, आणि त्यामागे बहुधा दोन कारणे एकमेकांत मिसळलेली असतात. एक, पंख्यांच्या घरघरीवर आणि रस्त्यावरच्या हॉर्नवर आवाज चढवून तासन्‌तास शिकवणे. दुसरे, लोकलने उशिरा घरी पोहोचून रात्री साडेनऊ-दहाला जेवून लगेच आडवे होणे, ज्यामुळे पोटातले आम्ल रात्री वर येऊन स्वरयंत्राच्या मागच्या भागाला चाटून जाते. हळदीच्या रंगाने तुम्हाला जी सीमा दाखवली, तिच्या पलीकडच्या या जागा आहेत. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर, झोपताना उशाकडची बाजू थोडी उंच, वर्गात जवळ ठेवलेली पाण्याची बाटली आणि खाकरण्याऐवजी एक घोट, एवढे आजपासून सुरू करा. शाळेत छोटा माइक आणि स्पीकर मिळाला तर उत्तमच. गळ्यात अडकवायचे असे संच आता मिळतात. गप्प बसण्याला मराठीत मिठाची गुळणी धरणे म्हणतात. तुमच्या घशाला याच अर्थाची गुळणी जास्त हवी आहे: शाळेतून आल्यावर तासभर, आणि रविवारी शक्य तितका वेळ. मात्र त्या वेळात कुजबुजू नका, कुजबुजण्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो.

मिठाच्या गुळण्या हव्या असतील तर सौम्य करून दिवसातून दोनदा चालू ठेवा, तुरटी आणि बाटली बंद करा. परंतु तीन आठवडे आवाजात बदल राहिला असेल तर स्वरयंत्र एकदा दुर्बिणीने पाहिलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालून करायची ही तपासणी काही मिनिटांची असते, त्यासाठी भूल लागत नाही, नुसता बधिर करणारा फवारा पुरतो. महापालिकेच्या केईएम, सायन, नायर आणि कूपर या रुग्णालयांत कान-नाक-घशाचे विभाग आहेत. तुम्हाला सायन जवळ पडेल. शिक्षकांच्या स्वरतंतूंवर ताणामुळे लहान गाठी येतात, त्या वेळीच दिसल्या तर बहुधा आवाजाच्या व्यायामाने आणि विश्रांतीने विरतात. घरात कोणी तंबाखू खात असेल किंवा मशेरी लावत असेल आणि तोंडातला चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तोंड तीन बोटे मावतील इतके उघडत नसेल, थुंकीत रक्त दिसत असेल, गिळताना एकाच कानात कळ जात असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर त्यांनाही बरोबर घेऊन जा. अशा दुखण्यांवर महिनोन्‌महिने गुळण्या करून मग आलेले पेशंट पाहणे मला अजूनही जड जाते.

जाताना तपकिरी बाटली, सासूबाईंचा पंप आणि तुम्ही घेत असलेल्या गोळ्यांची यादी बरोबर ठेवा. आणि त्या दिवशी सकाळी हळदीची किंवा औषधाची गुळणी करू नका, नुसत्या पाण्याने चूळ भरून या, म्हणजे तपासणाऱ्याला घशाचा मूळ रंग दिसेल.